नेम मोडला की नेमकरी थकला?

नवविधा भक्तीत स्मरणाचा क्रम तिसरा. आपल्या संप्रदायात मात्र तो पहिला म्हटला तरी चालेल. आता असे समजा की, वीस-पंचवीस वर्षे हरिपाठ तोंडपाठ म्हणणाऱ्या एका माळकऱ्याला मेंदूज्वर झाला. ताप उतरला, इस्पितळातून सुटून तो घरी आला, जेवूखाऊ लागला, तोंडावर पूर्वीचा तजेलाही आला. पण हरिपाठाच्या तिसऱ्या-चौथ्या अभंगाला वाचा अडखळते, पुढचा चरण सापडत नाही. कीर्तनाला बसला तर अर्ध्या घटकेत डोके जड होऊन भिंतीला टेकतो. वर्ष उलटले तरी हेच. आळीतली माणसे म्हणू लागतात, ‘बुवा आता ढिले पडले हो!’ त्याच्या जिवाला घोर लागतो तो निराळाच. माझा नेम मोडला, आता माझे पुढे काय? अशी माणसे आम्ही पाहिली आहेत, म्हणून हा प्रश्न आम्हांला पुस्तकी वाटत नाही.

आधी आजाराचे थोडे सांगू. मेंदूज्वर म्हणजे खुद्द मेंदूला येणारी सूज. पुष्कळदा ती विषाणूंमुळे येते. भाताच्या खाचरांत वाढणाऱ्या डासांमुळे होणारा जपानी मेंदूज्वर पुष्कळांना ऐकून ठाऊक असेल. वाळूमाशीमुळे पसरणाऱ्या एका विषाणूला तर आपल्याच नागपूर जिल्ह्यातल्या चांदीपुरा गावाचे नाव मिळाले आहे. १९६५ साली तो प्रथम तेथील रोग्यांत सापडला आणि २००३ साली आंध्रात व महाराष्ट्रात त्याने अनेक लेकरे नेली. वाचलेल्यांना लोक म्हणतात, ‘सुटला बिचारा.’ परंतु सूज ओसरली तरी तिने केलेली नासधूस सगळीच भरून येते असे नाही. विसर पडणे, नेमका शब्द न सापडणे, दोघे एकदम बोलले की गोंधळणे, गलबला न सोसणे, चिडचिड होणे आणि या सर्वांवर कडी करणारा थकवा, ही लक्षणे महिनोन्‌महिने, कित्येकांत वर्षानुवर्षे मागे राहतात. माणसाचा मेंदू वजनाने देहाच्या पन्नासाव्या हिश्शाएवढा, पण देहाला लागणाऱ्या शक्तीचा सुमारे पाचवा हिस्सा तो एकटा खातो. त्याचे रस्ते जागोजाग उखडले म्हणजे आडवाटेने जायला किती श्रम पडत असतील याचा वाचकांनीच विचार करावा. आणि हे वरून दिसत नाही! मोडलेला हात झोळीत असतो, लोक वाट देतात. मोडलेल्या ध्यानाला झोळी नाही.

म्हणून आळस आणि हा थकवा यांची गल्लत करू नये. आळशी माणूस कामाला कंटाळतो, पण आवडीच्या गोष्टीला ताडकन उठतो. हा बापडा आवडीच्या गोष्टीनेच अधिक थकतो, कारण तीत तो जीव ओततो. एकादशीला भजनात दोन तास बसला की द्वादशीला अंथरुणाला खिळतो, आणि झोप काढूनही शीण जात नाही. निष्ठेची परीक्षा घेणाऱ्यांनी आधी एवढा फरक ओळखावा.

कोणी म्हणतील, प्रारब्ध! आम्हीही प्रारब्ध मानतो. पण हा शब्द ज्याने त्याने आपल्या स्वतःच्या दुःखाला लावायचा आहे. दुसऱ्याच्या दारात उभे राहून ‘तुझे प्रारब्ध’ म्हणणे हा त्या शब्दाचा विनियोग नव्हे, दुरुपयोग आहे.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. स्मरण म्हणजे पाठांतर काय? विलायतेत क्लाइव्ह वेअरिंग नावाचे एक गायनाचार्य होऊन गेलेल्या गोष्टी विसरले, त्यांची हकीकत प्रसिद्ध आहे. १९८५ सालच्या मार्चमध्ये त्यांना मेंदूज्वर झाला आणि स्मृती साठवणारे मेंदूतले भागच त्याने खाल्ले. अर्ध्या मिनिटापूर्वीचे त्यांना आठवेना. आत्ताच जागा झालो, असे ते वहीत पुनःपुन्हा लिहीत आणि आधीचे लिहिलेले खोडीत. परंतु पियानोपुढे बसवले की बोटे चालू लागत, समोर गायकवृंद असला तर त्याला ते नीट गाववीत. आणि पत्नी खोलीत आली की, ती कधी येऊन गेली हे न आठवताही, त्यांचा आनंद उतू जाई. वैद्यकवाले सांगतात की, घडलेल्या गोष्टी लक्षात ठेवणारी जागा वेगळी आणि वर्षानुवर्षांच्या सरावाने अंगी मुरलेले जेथे राहते ती जागा वेगळी. आम्हांला यातून एवढेच घ्यायचे आहे की, आठवण गेली म्हणून ओढ गेली असे होत नाही. आमच्या माळकऱ्याला चरण सापडत नाही, पण शेजारच्याने धरून दिला की ओठ हलतात, हात टाळीला जातो. ते स्मरण नव्हे तर काय?

येथे जाणते लोक गीतेच्या आठव्या अध्यायाकडे बोट दाखवतील. अंतकाळी जो माझे स्मरण करील तो मला येऊन मिळेल, असे भगवंताने तेथे सांगितले आहे. ज्याचे चित्तच ठिकाणावर नाही त्याने काय करावे? शंका खोटी नाही, आणि रोग्याची झोप उडवते ती हीच. पण तो अध्याय पुढे वाचावा. सर्व काळ माझे स्मरण कर, हेही भगवंत तेथेच सांगतात. म्हणजे हिशेब शेवटच्या एका श्वासाचा नाही. दक्षिणेतले श्रीवैष्णव तर वराहावताराच्या मुखातले एक अभयवचन उराशी धरून असतात. शरीर धड असताना, मन स्वस्थ असताना ज्याने माझे चिंतन केले, तो पुढे लाकडासारखा, दगडासारखा पडला तर त्याची आठवण मी ठेवतो, असा त्याचा आशय. आपल्याला हे परके वाटू नये. पुंडलिक गुंतलेला होता तेव्हा देवच विटेवर वाट पाहत उभा राहिला ना?

घरच्यांचे मात्र इतक्याने भागत नाही. शांत माणूस तिरसट होतो, बायकोला नाही नाही ते बोलतो आणि घटकेने विसरतो. तिला ते विसरता येत नाही. रोग बोलतो आहे हे ठाऊक असूनही शब्द लागतातच. तिने सगळे मुकाट्याने सोसावे असे आम्ही म्हणणार नाही. तिला आठवड्यातून एक सांज मोकळी मिळावी म्हणून भजनी मंडळातल्या दोघांनी त्याच्याजवळ जाऊन बसावे. मृदंग नको, टाळ नको, हळू आवाजात दोन अभंग पुरेत. सप्ताहात पहाऱ्याची वीणा खाली ठेवायची नसते, थकलेला ती दुसऱ्याच्या गळ्यात घालतो. त्याला कोणी आळशी म्हणत नाही. हरिपाठाचेही तसेच करावे. त्याने सकाळी डोके ताजे असताना पोथी समोर धरून एकच अभंग म्हणावा, उरलेले घरातल्या कोणी म्हणावे. नेम घराचा झाला.

आणखी एक सांगायचे राहिले. या आजारानंतर पुष्कळांना झटके येतात आणि त्यावर रोजच्या गोळ्या असतात. उपास आहे म्हणून एकादशीला गोळी चुकवणारे भाविक आहेत. तसे करू नये, औषधाने उपास मोडत नाही. जागराने झटका उलटण्याचे भय असते, म्हणून त्याला रात्री वेळेवर निजू द्यावे. काकड्याला उठवायचे की नाही, ते डॉक्टरांना विचारून ठरवावे.