मारका बैल आणि मोटारीतला दिवा

निर्गम ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात मारक्या बैलाविषयीचा एक नियम आहे. बैलाने कुणाला शिंग मारले आणि त्यात तो माणूस दगावला, तर शासन बैलाला, धनी निर्दोष. मात्र बैल मारका आहे हे पूर्वीपासून ठाऊक असेल, धन्याला तशी सूचना मिळालेली असेल आणि तरीही त्याने बैलाला आवरले नसेल, तर त्या मृत्यूचा दोष धन्याच्या माथी येतो. बैल तोच, मरणही तेच. फरक पडतो तो केवळ त्या सूचनेमुळे.

वसईच्या वाड्यांतले गोठे आता बहुतेक रिकामे झाले आहेत. जिथे बैल बांधला जाई, त्या अंगणात मोटार उभी असते. आणि या नव्या जनावराचे नवल असे की ते आपल्या धन्याला आपणहून सूचना देते. ब्रेकचे पॅड झिजत आले की चालकासमोरच्या पट्टीवर एक पिवळा किंवा तांबडा दिवा लागतो. हा दिवा लागल्यावर धन्याने काय करावे, हा प्रश्न वरवर पाहता गॅरेजचा आहे. आम्हांला मात्र तो नीतिशास्त्राचाही वाटतो. कारण अलीकडे पुष्कळ जण हे काम स्वतः, घरच्या अंगणात करू लागले आहेत. कॅनडा, ऑस्ट्रेलिया येथे स्थायिक झालेल्या आमच्या मुलाबाळांना त्यात काहीच नवे वाटणार नाही. तिथे कारागिराच्या तासाचे मोल भारी, म्हणून शनिवारी जॅक लावून बसणारे पुष्कळ. आपल्याकडेही आता पॅड आणि सेन्सर पार्सलने घरपोच येतात. ज्या वस्तूवर परक्या माणसाचा जीव अवलंबून आहे, ती दुरुस्त करण्याचा अधिकार आपल्यासारख्या हौशी माणसाला आहे काय?

उत्तराकडे वळण्यापूर्वी वस्तू काय आहे हे नीट पाहिले पाहिजे. चाकासोबत एक बिडाची तबकडी फिरते, तिला डिस्क म्हणतात. तिच्या दोन्ही बाजूंना एकेक पॅड असते. पॅड म्हणजे लोखंडी पाटीवर बसवलेला घर्षणद्रव्याचा थर. नवा असताना तो साधारण दहा-बारा मिलिमीटर जाड असतो. पायाखालचे पेडल दाबले की ब्रेक ऑइलच्या दाबाने कॅलिपरमधला पिस्टन पुढे सरकतो आणि दोन्ही पॅड डिस्कला चिमटीत धरतात. प्रत्येक वेळी थोडा थर झिजतो. तो झिजण्यासाठीच तर असतो. सुमारे तीन मिलिमीटर उरला की पॅड बदलावे असा सर्वसाधारण दंडक आहे. त्याही पुढे वापरले तर अखेर लोखंडावर लोखंड घासते, डिस्कला चरे पडतात आणि गाडी थांबायला अधिक अंतर घेते. साध्या मोटारींत पॅडला पत्र्याची एक पट्टी असते. ती डिस्कला लागून किंचाळते. नव्या धाटणीच्या मोटारींत पॅडच्या पोटात तारेचा एक बारीक फास बसवलेला असतो. थर ठरावीक पातळीखाली गेला की तारही घासली जाते, तुटते, वीजमंडळ खंडित होते आणि दिवा लागतो. अशी तुटलेली तार पुन्हा उपयोगाची नाही. पॅडबरोबर सेन्सरही नवा घ्यावा लागतो.

काम दिसायला सोपे आहे, आणि यातच त्याचा धोका आहे. गाडी नुसत्या जॅकवर कधीच ठेवू नये, खाली भक्कम स्टँड हवेत. कॅलिपर सोडवल्यावर तो रबरी नळीवर लोंबकळू देऊ नये, तारेने बांधून ठेवावा. पिस्टन मागे दाबताना टाकीतले ब्रेक ऑइल वर चढते. ते रंगावर सांडले तर रंग उठतो. मागच्या चाकांना बटणाने चालणारा विजेचा हँडब्रेक असेल, तर निदान-यंत्र लावून तो प्रथम दुरुस्तीच्या स्थितीत आणावा लागतो. तसे न करता पिस्टनवर जोर केला तर आतली मोटर मोडू शकते. डिस्कवर तिची किमान जाडी कोरलेली असते, ती मोजून पाहायची. एका बाजूचे पॅड बदलून भागत नाही, एकाच आसाची दोन्ही चाके करावी लागतात. चाकाचे नट ठरावीक जोरानेच आवळायचे. आणि सगळे जागच्या जागी बसल्यावरही एक गोष्ट उरते: पिस्टन मागे गेलेला असल्यामुळे पेडल पहिल्यांदा दाबले की ते थेट तळाला जाते, ब्रेक लागतच नाही. म्हणून गाडी जागची हलवण्यापूर्वी पेडल घट्ट लागेपर्यंत ते पुनःपुन्हा दाबावे लागते. हे जो विसरेल त्याला ते अंगणाच्या फाटकाशी कळेल, आणि फाटकाबाहेर पोरे खेळत असतात.

'ज्याचे काम त्यानेच करावे' असे म्हणणाऱ्यांचा आक्षेप म्हणूनच हलका नाही. स्वतःच्या घराचे नळ दुरुस्त करताना चूक झाली तर आपलेच घर भिजते. ब्रेकची चूक मात्र रस्ता ओलांडणाऱ्या त्या वृद्धेच्या वाट्याला जाते, जिला आपल्या बचतीतला एक रुपयाही मिळायचा नव्हता. कॅथोलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाने (१९९२) पाचव्या आज्ञेच्या विवेचनात, नशेमुळे किंवा वेगाच्या हव्यासामुळे रस्त्यावर स्वतःच्या व इतरांच्या जिवाला धोका निर्माण करणाऱ्यांना गंभीर दोषी ठरवले आहे. काटकसरीच्या किंवा कौशल्याच्या मिजाशीला तोच न्याय का लावू नये?

लावावाच, असे आम्ही म्हणतो. पण त्या आक्षेपात एक गृहीत दडलेले आहे, ते आम्हांला मान्य नाही. गॅरेजमध्ये पैसे मोजले की जबाबदारीही पावतीबरोबर तिकडेच राहिली, असे ते गृहीत. गॅरेजमध्ये तरी काम कोण करतो? पुष्कळदा मिस्त्री दुसऱ्या गाडीखाली असतो आणि आपले चाक हाताखालचा पोरगा उघडतो. त्याला कोणी शिकवले, त्याला वेतन किती, त्याने सेन्सर बदलला की नाही, हे विचारण्याचे कष्ट आपण घेत नाही. चहाच्या टपरीवर बसून बिलाची वाट पाहतो आणि त्यालाच निर्धास्तपणा म्हणतो. बैल गुराख्याच्या हवाली केला म्हणून त्याच्या शिंगांशी आपला संबंध संपत नाही. अंगणात जॅक लावणाऱ्या माणसाला निदान हे तरी उमगलेले असते.

शिवाय, आपली वस्तू आपल्या हातांनी राखणे यात कमीपणा कसला? १९५५ साली पोप बारावे पायस यांनी १ मे हा दिवस कामकरी संत योसेफाचा सण म्हणून ठरवला, तो हातांच्या श्रमाला वेदीवर मान मिळावा म्हणूनच. तेलाने काळवंडलेली नखे घेऊन मिस्साला यायला लाजणारे आमच्यात अजून आहेत, ही खेदाची गोष्ट होय. इकडे कायदाही दुरुस्तीच्या हक्काकडे वळू लागला आहे. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात २०१२ साली मोटारदुरुस्तीची माहिती खुली करण्याच्या बाजूने मतदारांनी कौल दिला. भारत सरकारनेही २०२२ साली याच हक्काच्या विचारासाठी समिती नेमली आणि त्या विचारात मोटारी समाविष्ट केल्या. हक्क मिळावा हे ठीकच. परंतु हक्क मिळाल्याने हात तयार होत नाही.

मग हात तयार झाला हे कशावरून ओळखावे? संत थॉमस अक्वायनस यांनी विवेक या सद्गुणाची जी अंगे सांगितली आहेत, त्यांत दुसऱ्याकडून शिकून घेण्याची तयारी हे एक अंग आहे. आमच्या मते इथे तीच कसोटी लावावी. पहिल्या खेपेस जाणत्या माणसाला शेजारी उभे करणे, गाडीची पुस्तिका आधी वाचून काढणे, गंजलेला नट निघत नाही किंवा डिस्क किमान जाडीहून पातळ भरते असे दिसताच पाना खाली ठेवणे, या गोष्टी ज्याला जमतात त्याने खुशाल अंगणात बसावे. अर्ध्यावर सोडून गॅरेजवाल्याला बोलवावे लागले, तर त्यात कसलीही नामुष्की नाही. ज्याला थांबणे जमत नाही त्याची बोटे कितीही कुशल असोत, त्याने ब्रेकला हात लावू नये.

आता त्या तारेकडे येऊ, कारण खरा मोह तिथे आहे. तुटलेल्या फासाची दोन टोके एकमेकांना पिळून जोडली की मंडळ पूर्ण होते आणि दिवा विझतो. पाच मिनिटांचे काम, खर्च शून्य. पॅड मात्र झिजलेलेच राहते. काही जण नवे पॅड बसवून सेन्सरचे पैसे वाचवण्यासाठीही असेच करतात. त्यांचे समर्थन असे की आजचे ब्रेक तर उत्तम आहेत! खरे आहे, पण काही वर्षांनी ते झिजतील तेव्हा बोलणारे कोणी उरणार नाही. सदसद्विवेकबुद्धी अज्ञानामुळे चुकू शकते आणि ते अज्ञान टाळता येण्यासारखे नसेल तर माणसाला दोष लागत नाही, ही ख्रिस्तसभेची शिकवण आहे. सत्य शोधण्याची फिकीरच न केल्यामुळे जे अज्ञान राहते, त्याला ती सूट नाही. तार पिळणारा त्याच्याही एक पायरी पुढे जातो. सूचना देणाऱ्याचे तोंड बांधून तो आपले उद्याचे अज्ञान आजच तयार करून ठेवतो.

दिवा विझलेला आहे एवढ्याने आपण निर्दोष ठरतो, असेही समजू नये. अनेक जर्मन बनावटीच्या मोटारींत सेन्सर चारही चाकांना नसतो. पुढच्या डाव्या आणि मागच्या उजव्या, अशा दोनच चाकांना असतो. कॅलिपरच्या सरकत्या खिळ्यांत गंज धरला तर उरलेल्या एखाद्या चाकाचे पॅड मुकाट्याने संपून जाते आणि समोरची पट्टी स्वच्छ दिसत राहते. रोज रात्री आत्मपरीक्षण करणाऱ्या घरांना हे समजावून सांगायला नको. चाक काढून डोळ्यांनी पाहिल्यावाचून कळत नाही, अशा गोष्टी पुष्कळ असतात.

तार पिळलेली गाडी पुढे विकली जाते. घेणाऱ्याला दिवा विझलेला दिसतो; तो समाधानाने पैसे मोजतो, मुलाबाळांना घेऊन घाट उतरतो. विकणाऱ्याला कधी काळी टोचणी लागली आणि त्याने पापनिवेदन केले, तर धर्मगुरू त्याला क्षमेचे शब्द ऐकवतील. तथापि परतफेडीचे काय, हेही ते विचारतील असे आम्हांला वाटते, कारण घाटातल्या त्या गाडीत तार अजून पिळलेलीच असते. जुन्या विक्रीच्या कागदांत खरेदीदाराचा फोन नंबर बहुधा सापडतो.