परका कोण?

वाकोला हें गांव ज्या साष्टी बेटावर आहे, त्याचें नांव षट्षष्टि, म्हणजे सहासष्ट गांवें, ह्यावरून पडलें असें मानितात. राजवाडे ह्यांनीं 1924 सालीं प्रसिद्ध केलेल्या महिकावतीच्या बखरींत असें आहे कीं, प्रतापबिंब राजा शक 1060, म्हणजे इ. स. 1138, मध्यें ह्या किनाऱ्यावर आला व त्याजबरोबर सहासष्ट कुळें येऊन वसलीं. सालाविषयीं विद्वानांत वाद आहे, तो असो. सोमवंशी कोण, सूर्यवंशी कोण, हें बखरकार मोठ्या हौसेनें मोजतो.

परंतु राजा आला तेव्हां खाडींत जाळें टाकणारा कोळी कोणत्या कुळाचा? कान्हेरीचे जुने शिलालेख बिंबाच्या कित्येक शतकें आधींचे, आणि त्यांत भिक्षुसंघास शेतें दिल्याचें लिहिलें आहे. म्हणजे येथें नांगर पूर्वींपासूनच चालत होता. मात्र नांगर धरणाऱ्याची वंशावळ कोणी लिहिली नाहीं.

ज्या इंग्रजांनीं 1774 सालीं हीच साष्टी मराठ्यांपासून घेतली, त्यांच्या पूर्वजांची गोष्टही अशीच आहे. रोमी सैन्य सुमारें इ. स. 410 मध्यें ब्रिटन सोडून गेलें, आणि पांचव्या शतकांत अँगल, सॅक्सन व ज्यूट लोक समुद्रापलीकडून येऊन वसले. पुढें केंट, वेसेक्स, मर्सिया, नॉर्थंब्रिया अशीं राज्यें झालीं. ब्रिटन लोक तेथले जुने रहिवासी. पण नवागतांनीं त्यांस जें नांव दिलें, ज्यापासून आजचा 'वेल्श' शब्द झाला, त्याचा अर्थ 'परका'! घरांत शिरलेल्यानें घरधन्यास पाहुणा म्हणावें, तसें हें झालें. गोष्ट शब्दावरच राहती तर बरें होतें. वेसेक्सचा राजा इने ह्याच्या सातव्या शतकाअखेरच्या कायद्यांत सामान्य सॅक्सन शेतकऱ्याच्या प्राणाचें मोल 200 शिलिंग, आणि एका कुटुंबापुरती जमीन बाळगणाऱ्या वेल्शाचें 120.

नव्या देशीं येणें हें पाप होय काय? मला तसें वाटत नाहीं. वाकोल्यांत आज कोंकणांतून, घांटावरून व उत्तरेकडून आलेलीं कुटुंबें शेजारीं शेजारीं राहतात, आणि कालचा आलेला आजच्या आलेल्यास 'बाहेरचा' म्हणतो, तेव्हां मात्र इनेचा तराजू आठवतो.

बीड नांवाच्या मठवाशानें 731 सालीं आपला ग्रंथ संपविला. तो स्वतः अँगल. ब्रिटनांच्या पापांत तो हेंही गणतो कीं, त्यांनीं आपल्यामध्यें येऊन वसलेल्या ह्या लोकांस सुवार्ता सांगितली नाहीं. दोष खरा असेल, लहानही नसेल. परंतु तो काढण्याचा अधिकार शेत घेणाऱ्याच्या वंशजास कसा पोहोंचतो, हें मला अद्याप उमगलेलें नाहीं.