अल ऐनमधली दोन तळी

ओमानच्या सीमेला लागून असलेल्या अल ऐन शहरात भिंतीला भिंत लागलेले दोन व्हिला होते. एकात पुण्याचे इंजिनिअर राहत, दुसऱ्यात धुळे जिल्ह्यातल्या पांझरेकाठच्या काकू. दोघांच्याही परसात एकाच मापाचं तळं होतं. अडीच फूट खोल, कमळाच्या दोन कुंड्या आणि थोडे गप्पी मासे. डासांच्या अळ्या खायला मुंबईची महापालिका विहिरींत सोडते, तेच हे गप्पी.

इंजिनिअरांचं तळं आरशासारखं लखलखीत. दर पंधरवड्याला ते सगळं पाणी उपसत, दगड घासत, गाळ फेकून देत आणि नळ सोडत. कारंजं भर दुपारी नाचायचं. तरीही मासे मरत आणि संध्याकाळी डास फोडून काढत. काकूंचं पाणी हिरवट आणि दगड शेवाळलेले, पण त्यांच्या अंगणात रात्री निवांत बसता यायचं.

शेवटी इंजिनिअरांनी विचारलंच, "काकू, खरं सांगा, कुठलं औषध टाकता?"

"औषध कसलं, दादा! तुम्ही गाळ फेकता ना, त्यात कोण असतं ते एकदा बघा तरी."

त्यांनी गाळ परातीत ओतला. त्यात तपकिरी, सहा पायांचे किडे वळवळत होते. ती चतुरांची पिल्लं, डासांच्या अळ्यांवर जगणारी. उन्हाळ्यात डासाला अंड्यातून उडायला आठ-दहा दिवस पुरतात, चतुराला कित्येक आठवडे लागतात, कधी महिनेही. पंधरवड्याची सफाई डासाच्या सोयीची आणि चतुराच्या मुळावर येणारी होती. दगडांवरच्या बुळबुळीत थरातले जीवाणू माशांच्या घाणीतला विषारी अमोनिया पचवतात. तो थर घासणीने जायचा आणि उरलासुरला नळाच्या क्लोरीनने. त्यात जुलैच्या दुपारी गच्चीवरच्या टाकीतून येणारं पाणी हाताला चटका देणारं. मासे जगणार कसे?

इंजिनिअर शहाणे होते, लगेच सुधारले. तळ्याच्या अर्ध्या भागावर सावलीची जाळी घातली, गाळ राहू दिला, पाणी सावलीतल्या पिंपात आदल्या दिवशी भरून ठेवू लागले. कारंजं रात्री चालू केलं. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो आणि रात्री शेवाळही तोच ओढून घेतं, म्हणून मासे पहाटे तोंड वर काढून धापा टाकतात. कारंज्याची गरज तेव्हा असते. दुपारी ते फक्त पाणी उडवतं.

गोष्ट इथे संपली असती तर काकूंची वाहवा झाली असती. पण ऑगस्टमध्ये त्यांच्याच कमळाच्या पानांच्या कडा करपल्या आणि दगडांवर पांढरी खपली धरली. तळं रोज साधारण करंगळीच्या जाडीइतकं आटायचं, काकू रोज तेवढी भर घालायच्या. अशा हिशेबाने दोन-तीन महिन्यांत अख्खं तळं हवेत जातं, पण नुसतं पाणीच. क्षार जागेवर राहतात आणि भर घालाल तसे वाढत जातात.

"काकू, तुमच्याकडे फड बागायतीत काय करतात?" इंजिनिअरांनी सहज विचारलं. पांझरेवरच्या बंधाऱ्यांतून पाळीपाळीने शेतं भिजवायची ही जुनी रीत. काकूंचं बालपण तिथलंच.

काकू क्षणभर थांबल्या. "पाट असला की सांडवा असतोच, दादा. मी सांडवाच ठेवला नाही की हो!"

आणि त्यांच्या घरापासून हाकेच्या अंतरावर फलाज वाहत होता. डोंगरपायथ्याचं भूजल उताराच्या चरांतून खजुराच्या बागांत आणणारी ही पद्धत अल ऐनमध्ये जवळजवळ 3,000 वर्षांची आहे. 2011 साली युनेस्कोने इथल्या वारसास्थळांना जागतिक यादीत घेतलं. फलाजचं पाणी कुठे साचत नाही, झाडांच्या बुंध्यांशी जाऊन संपतं.

तेव्हापासून दोन्ही परसांत दर आठवड्याला तळाशी नळी घालून थोडं पाणी काढतात आणि खजुराला देतात. खजूर क्षार बराच सोसतो, वर माशांचं खत त्याला फुकट मिळतं. तेवढंच ताजं पाणी पहाटे तळ्यात पडतं. पाणी अजूनही हिरवटच आहे आणि इंजिनिअरांना ते अजूनही खुपतं.

परसात तळं करणाऱ्यांनी एवढं मात्र सांभाळावं, गप्पी मासे फलाजमध्ये किंवा डोंगरातल्या ओढ्यांत कधीही सोडू नयेत. तिथे गारा बॅरेमिई नावाचा छोटा मासा राहतो आणि तो हजर पर्वताच्या परिसराबाहेर जगात कुठेही नाही.