पहिला हात

रंगारी सकाळी सातलाच आला. डबा उघडला, तर आत पांढरं. दिवाळी आठ दिवसांवर, पिस्ता रंगाचं कार्ड मी कधीच पसंत करून ठेवलेलं, आणि हा म्हणतो, "दादा, आज नुसतं अस्तर."

मानकोलीच्या आमच्या जुन्या घरावर गेल्या उन्हाळ्यात एक खोली चढवली. खालच्या भिंतींना विटांचा भार झेपला नसता, म्हणून पश्चिमेची बाजू फायबर सिमेंटच्या बोर्डांची केली. सिमेंटमध्ये धागा घालून कागदासारखे थर दाबायची ही युक्ती ऑस्ट्रियाच्या लुडविग हात्शेकची, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. तेव्हा धागा ॲस्बेस्टॉसचा होता. आता बऱ्याच ठिकाणी लाकडाच्या लगद्याचा असतो. मालाला हात्शेकने नाव दिलं इटर्निट, म्हणजे चिरंतन. चिरंतन वगैरे ठीक, पण आमच्या बोर्डांच्या कापलेल्या कडा एकाच पावसाळ्यात काळ्या पडल्या.

रंगाऱ्याने परवाच भिंत धुतली होती. नाशिक हायवेवरून गोदामांकडे वळणाऱ्या कंटेनरची धूळ तिच्यावर इतकी, की पाणी खाली चहासारखं उतरलं. दुसऱ्या दिवशी भिंत सुकू दिली. आज अस्तराआधी त्याने बोर्डावर बोटाने पाणी शिंपडलं. थेंब ओघळलाच नाही, जागीच जिरला. "बघा, किती पिते. थेट रंग दिला तर तोही असाच पिईल."

मी ऑइल पेंटचं सुचवलं. तो हसला. सिमेंटमधल्या क्षाराशी तेल भिडलं की त्याचा साबण होतो. हे नुसतं बोलायचं म्हणून नाही, रसायनशास्त्रातही क्रिया तीच. मग पोपडे निघतात. म्हणून क्षार सोसणारा प्रायमर, आणि त्यावर ॲक्रिलिकचे दोन हात.

मोठा रोलर बाजूलाच राहिला. एक इंची ब्रश घेऊन तो उताणा पडला आणि बोर्डाची खालची कड भरू लागला. गच्चीच्या फरशीपासून जेमतेम वीतभर उंच, कुत्रं आडवं झालं तरच त्याला दिसेल अशी जागा. पाणी शिरतं ते इथूनच, म्हणाला. मग स्क्रूची डोकी, मग खिडकीभोवतीचे काप. साडेनऊ वाजले तरी भिंतीचा मधला भाग कोराच होता. मी घड्याळाकडे पाहतोय हे त्याला कळलं.

"ऊन इकडे दुपारी येतं," एवढंच बोलून त्याने ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.