मन वाऱ्यासारखं, आणि समोर 90 किलोमीटर
आजचं चिंतन: भगवद्गीता, अध्याय 6, श्लोक 34-35



मन आवरणं म्हणजे वारा आवरण्याइतकं अवघड, अशी अर्जुनाची तक्रार. आयर्नमॅन 70.3 गोवाची तयारी करणाऱ्यांना हे वेगळं समजावायला नको. 1.9 किमी पोहणं, 90 किमी सायकल, 21.1 किमी धावणं, आणि त्याआधी कित्येक महिने पहाटेचा गजर. पहिला महिना उत्साहावर निघतो. मग गजर वाजला की मन वकिली सुरू करतं: "काल कॉल रात्री अकरापर्यंत चालला होता ना!"

गंमत म्हणजे कृष्ण अर्जुनाला खोडून काढत नाही. मन चंचल आहे हे तो आधी मान्य करतो, मग दोनच उपाय सांगतो: अभ्यास आणि वैराग्य. म्हणजे मोटिव्हेशन येईल म्हणून वाट बघत बसायचं नाही. तलावात शेवटच्या फेऱ्यांना मी नामाच्या तालावर हात मारतो. मन भरकटतं, नाम सुटतं, पुन्हा धरतो. एका फेरीत चार-पाच वेळा सुद्धा.

वैराग्य मला जास्त कठीण वाटतं. घड्याळातला पेस, स्ट्राव्हावरचे मित्राचे आकडे, यांची ओढ सोडायची. आणि हो, विश्रांतीच्या दिवशी पळायचा मोहसुद्धा! याच अध्यायात 17व्या श्लोकात आहार आणि झोपही प्रमाणात हवी असं सांगितलंय. चार तास झोपून मारलेली लांब राइड तपात धरू नका, तो नुसता हट्ट.

उद्या पाचला निघायचं असेल तर बाटल्या आत्ताच भरून ठेवा आणि झोपा.

राम कृष्ण हरी!