गाडीशी बोललेलं खोटं

झेनर डायोड मुगाच्या दाण्याएवढा असतो. काचेचा, एका टोकाला काळा पट्टा. भोकरदनच्या एका मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात मी तो मागितला, तर दुकानदाराने पैसे घेतले नाहीत. "राहू द्या इंजिनिअर साहेब, पाच रुपयांचं काय घ्यायचं." त्या फुकटच्या डायोडने माझं डोकं जेवढं खाल्लं, तेवढं कुठल्या प्रोजेक्टनेही खाल्लेलं नाही.

गाडी चुलतभावाची. मी त्याला दादा म्हणतो. लॉकडाऊन उठल्यावर त्याने जुनी ऑक्टाव्हिया घेतली. पहिल्या पिढीची, १.८ लिटर टर्बो पेट्रोल, दीडशे हॉर्सपॉवरची. चार दारांची असते ती स्पोर्ट्‌स कार नव्हे, असं म्हणणारे म्हणोत. त्यांनी एकदा तिच्यात बसून राजूरच्या रस्त्याला जावं. ऑक्टाव्हियाची जुळणी आपल्या शेंद्र्याच्या कारखान्यात व्हायची, त्यामुळे दादा म्हणायचा, "पोरगी माहेराला आली."

दादाचं खताचं दुकान आहे. पुण्याला नेऊन ट्यूनिंग करायचं तर खर्च मोठा, आणि तेवढ्यात दुकानात किती गोण्या येतात हा हिशेब त्याच्या डोक्यात आपोआप सुरू होतो. मग जे घरात होतं तेच वापरलं: ठिबकची बारीक नळी, एक टी आणि एक छोटा कॉक.

टर्बो म्हणजे इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूवर फिरणारा पंखा. तो इंजिनात हवा दाबून भरतो. दाब ठरल्यापेक्षा वाढला की एका नळीतून तो दाब एका पडद्यापर्यंत पोचतो, पडदा हलतो, झडप उघडते आणि वायू पंख्याला वळसा घालून निघून जातो. त्या नळीला टी लावून थोडी हवा बाहेर सोडली की पडद्याची समजूत होते, दाब अजून कमीच आहे. झडप उशिरा उघडते, इंजिनाला हवा जास्त मिळते, गाडी जास्त ओढते. खर्च शंभर रुपयांच्या आत.

पण गाडीत पडद्याशिवाय आणखी एक राखणदार होता. एक सेन्सर दाब मोजून कॉम्प्युटरला व्होल्टेजच्या भाषेत कळवत होता. पहिल्याच फेरीत कॉम्प्युटरने ओळखलं, काहीतरी गडबड आहे, आणि ताकद कापून टाकली. ऑक्टाव्हियाची अल्टो झाली. दादाने माझ्याकडे पाहिलं. "सॉफ्टवेअरवाला तू आहेस ना?"

त्या सेन्सरच्या तारेवर मी डायोड बसवला. एका मर्यादेवर व्होल्टेज जाईना. दाब कितीही होवो, कॉम्प्युटरला एकच निरोप: सगळं ठीक आहे. त्या संध्याकाळी गाडी जी पळाली, ती मजा मी नाकारणार नाही. आपण स्वतःच्या हाताने केलेली गोष्ट चालते तेव्हा छातीत जे होतं, ते मला ऑफिसात वर्षातून एकदा झालं तरी पुष्कळ.

रात्री जेवताना मी सहज म्हणालो, "दादा, आपण त्या कॉम्प्युटरला खोटं सांगितलं."

"काहून टेन्शन घेतो? गाडीशीच बोलला ना खोटं, माणसाशी थोडंच बोलला?"

वाक्य हसण्यावारी नेण्यासारखं आहे, पण चुकीचं कुठे आहे ते सापडायला मला वेळ लागला. खोटं बोलणं वाईट का, याची नेहमीची उत्तरं माणसाला धरूनच असतात. कांटने १७९७ साली एका निबंधात इतकं ताणलं की मित्राच्या जिवावर उठलेल्या खुन्यालासुद्धा खोटं सांगू नये. पण तो खुनीही माणूसच. कॉम्प्युटरला अपमान नाही, विश्वास नाही, विश्वासघात नाही. मी तर नोकरीत रोज प्रोग्रामना खोटं सांगतो. टेस्टिंग करताना खरा सर्व्हर नसतो, म्हणून त्याच्या जागी नकली उत्तर देणारा कोड लिहितो. त्याला मॉक म्हणतात, आणि त्याचा पगार मिळतो.

उत्तर मला तत्त्वज्ञानात मिळालं नाही, पिंपळगाव रेणुकाईच्या मिरची बाजारात मिळालं. काका लहानपणी मला तिकडे न्यायचे. शेतकरी बाकी कशाकडे बघो न बघो, काट्याकडे बघतो. काटा मारणं या शब्दात काटा कुठे फसतो? लोखंडाला काय कळतंय. फसतो तो पलीकडे पोतं धरून उभा असलेला. मोजणारं यंत्र मुळात असतंच दोन माणसांच्या मध्ये, त्यांना एकमेकांवर डोळे झाकून विश्वास ठेवावा लागू नये म्हणून. मॉक चालतो, कारण तो मॉक आहे हे सगळ्या टीमला माहीत असतं. माझा डायोड फक्त आम्हा दोघांना माहीत होता.

सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनचं जे प्रकरण उघड झालं, ते याच जातीचं. डिझेल गाडी प्रदूषणाच्या चाचणीवर आहे हे सॉफ्टवेअर ओळखायचं आणि तेवढ्यापुरतं शहाण्यासारखं वागायचं. जगभरात सुमारे १.१ कोटी गाड्या. भारतातही सव्वातीन लाखांच्या आसपास गाड्या परत बोलावायच्या ठरल्या, त्यांत स्कोडाही होत्या. २०१७ मध्ये जेम्स लियांग नावाच्या इंजिनिअरला अमेरिकेत ४० महिन्यांची शिक्षा झाली. त्याच्या हुद्द्याशी माझी तुलना होत नाही. पण त्यानेही कुणा माणसाच्या तोंडावर खोटं बोलून सुरुवात केली नसेल, यंत्रालाच काहीतरी सांगितलं असेल, असं मला वाटत राहतं.

मग घरगुती जुगाडच वाईट का? नाही. सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावच्या दत्तात्रय लोहार यांनी भंगारातून किक मारून सुरू होणारी चारचाकी बनवली. डिसेंबर २०२१ मध्ये आनंद महिंद्रांनी तिचं कौतुक केलं, गाडी नियमांत बसत नाही हेही म्हटलं आणि बदल्यात बोलेरो देऊ केली. नियमांत बसत नव्हती हे खरंच. पण त्या गाडीत लपलेलं काही नव्हतं. बघणाऱ्याला बघताक्षणी कळायचं की आपण कशात बसतोय. कायदा मोडणं आणि फसवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. आम्ही दोन्ही केल्या. गाडीत मनासारखे बदल करायला मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ची आडकाठी आहे, हे मी डायोड बसवल्यानंतर वाचलं. आधी वाचलं असतं तरी बसवलाच असता.

दुसऱ्या वर्षी दादाला पैशांची गरज पडली. धाडचा एक पोरगा गाडी बघायला आला, विशीतला, सोबत वडील. वडील गाडीभोवती फिरून टायर दाबून बघत होते. पोराने फेरी मारली आणि उतरल्यावर त्याचा चेहरा बघण्यासारखा होता. वडिलांनी विचारलं, "काही काम-बिम केलेलं आहे का गाडीत?"

दादा म्हणाला, "कंपनी फिटिंग आहे. विचारा यांना, इंजिनिअर आहेत."

मी मान हलवली.

तो डायोड म्हणजे काय हे मला त्या क्षणी पूर्ण माहीत होतं. दाब हाताबाहेर गेला तर इंजिन वाचवायला असलेला राखणदार मी झोपवून ठेवला होता. टर्बो जाईल, इंजिन बसेल, किंवा ओव्हरटेक करताना ऐन वेळी ताकद जाईल. तार सोडवायला दहा मिनिटं पुरली असती. पण मग गाडी तशी ओढली नसती आणि ठरलेला भाव आला नसता. आकडा मोठा नव्हता. यंत्राशी बोललेलं खोटं दीड वर्ष बोनेटखाली पडून होतं, आणि त्या दिवशी दोन माणसांसमोर माझ्या मानेतून बाहेर आलं. दादा चुकीचं बोलला नव्हता. फक्त त्याचं वाक्य अर्ध्यावर संपलं होतं.

गेल्या महिन्यात दादाकडून नंबर घेऊन त्या पोराला फोन लावला. काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं: डायोड कुठे आहे, कॉक कुठे आहे, कसा काढायचा, मी स्वतः येऊन काढून देतो. त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"गाडी दिवाळीतच विकली हो मी," तो म्हणाला. "मस्त पळायची. घेणाऱ्यानेपण विचारलं होतं, काही काम केलंय का म्हणून."

"मग?"

"तुम्ही सांगितलं होतं तेच सांगितलं."

पुढच्या माणसाचा नंबर पाठवतो म्हणाला. अजून आलेला नाही. मी दोनदा मेसेज केला, दोन्हीवर निळ्या टिका आहेत.