हक्कसोड आणि संमती

वडिलांच्या मृत्यूनंतर सातबाऱ्यावर वारस नोंद होते आणि पाठोपाठ बहिणींपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते. बहीण सही करते; ईदला साडीचोळी घेऊन परतते. तिने खुशीने हक्क सोडला, असे आपण म्हणतो. ती खुशी असते काय?

मालमत्ता थोडी असो वा फार, तीत स्त्रीचा वाटा निश्चित आहे, असे कुरआन सांगतो (४:७). पुत्राच्या वाट्याच्या निम्मा वाटा कन्येचा; तोही कर्ज व वसीयत फेडून उरलेल्या मालमत्तेतून (४:११). वसीयतीलाही एक तृतीयांशाची मर्यादा आहे, हजरत सअद (रजि.) यांना प्रेषितांनी (स.) तेवढेही पुष्कळ असल्याचे सांगितले. जो हक्क खुद्द पित्याला वसीयत करून काढून घेता येत नाही, तो भावाच्या एका शब्दाखातर कसा संपावा?

माहेर तुटेल या भीतीने केलेली सही म्हणजे संमती नव्हे. नकार देण्याची मोकळीक असेल, तरच होकाराला अर्थ असतो. म्हणून भावाने आधी बहिणीचा वाटा मोजावा, तिच्या नावे करावा, तिच्या ताब्यात द्यावा. त्यानंतर तिने आपणहून दिले, तर ती भेट. तोवर तो वाटा भावाकडे अमानत आहे आणि तिचा हिशेब अल्लाहपुढे द्यावा लागेल.